गोणीवरचं कांडला

आमच्या चकलांब्यात (ता. गेवराई, जि. बीड) समुद्र पाहिलेली माणसं थोडी, पण एका बंदराचं नाव मात्र घरोघरी आहे. ते खताच्या गोणीवर असतं. इफकोची १०:२६:२६ किंवा डीएपीची गोणी उलटी करून बघा, कारखान्याच्या पत्त्यात ‘कांडला’ सापडेल. खत रानात जातं, गोणीचं बसकर होतं, पावसात डोक्यावरची खोळ होते, आणि नाव तेवढं घरात राहतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ते नाव प्रत्यक्ष पाहून आलो. आमचे एक चुलते बरीच वर्षं गांधीधामला ट्रेलर चालवतात. ते म्हणाले, “ये की एकदा, तुझं शिक्षण तरी काय कामाचं ते कळंल.” वांद्र्याहून भूजकडे जाणाऱ्या गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी गांधीधामला उतरलो. तिथून कांडला बंदर दहा-बारा किलोमीटर.

सहलीचं वर्णन करायचा या लेखाचा हेतू नाही. चार दिवसांत एकच प्रश्न डोक्यात घुमत होता, तो मांडतो. जिथं गोडं पाणी नाही, सावलीला झाड नाही, पायाला खडक नाही, अशा ठिकाणी देशातलं एवढं मोठं बंदर का उभं राहिलं? आणि कसं टिकलं? याचं उत्तर शोधताना आपल्या सिव्हिलच्या पुस्तकातले दोन धडे डोळ्यांनी दिसले आणि पुस्तकात नसलेला एक धडाही मिळाला.

वाळू नसलेलं वाळवंट

वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थानातल्या वाळूच्या टेकड्या आठवतात. कच्छचं रण तसं नाही. ती सपाट, खारी, चिखलाची जमीन आहे. पावसाळ्यात समुद्राचं आणि पावसाचं पाणी तिच्यावर पसरतं, मग ते आटतं आणि पांढरा मिठाचा थर मागे राहतो. कच्छात वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपण बीडकर साडेसहाशेच्या आसपास पाऊस असून दुष्काळी म्हणवतो, यावरून अंदाज करा.

गाडी सूरजबारीचा पूल ओलांडते तेव्हा जमीन कुठं संपली आणि समुद्र कुठं सुरू झाला हे सांगता येत नाही. दोन्हीकडे मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग, आणि मधे वेडी बाभळ. हो, तीच आपल्या पडीक रानातली. तिथले लोक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. गांडो म्हणजे वेडा. सातशे-आठशे किलोमीटरवर दोन वेगळ्या भाषांनी एकाच झाडाला वेडं ठरवलंय, म्हणजे झाडात काहीतरी असणारच!

वाळवंट आणि समुद्र खरोखर भेटतात ते इथल्या उंटात. कच्छात ‘खाराई’ जातीचे उंट आहेत. ते भरतीच्या पाण्यात पोहत जातात आणि खाडीतल्या बेटांवरची खारफुटी (तिकडचा शब्द ‘चेर’) खातात. २०१५ मध्ये या उंटांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. रबारी आणि फकिराणी जत समाजाचे लोक त्यांना पाळतात. मिठागरं आणि उद्योग वाढले तशी खारफुटी तुटली आणि या उंटांची चराई कमी होत गेली, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

कराचीच्या जागी कांडला

१९४७ पर्यंत पंजाब, राजस्थान आणि दिल्लीकडचा बराच माल कराचीवरून ये-जा करायचा. फाळणी झाली आणि कराची पाकिस्तानात गेलं. सगळा भार मुंबईवर आला. पश्चिम किनाऱ्यावर नवं मोठं बंदर कुठं बांधावं हे ठरवण्यासाठी १९४८ मध्ये कस्तुरभाई लालभाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनं कांडल्याची शिफारस केली. तिथं १९३० च्या सुमारास कच्छचे महाराव खेंगारजी (तिसरे) यांनी एक धक्का बांधलेला होताच.

जागा का निवडली? कच्छच्या आखाताच्या अगदी आत, समुद्राच्या तोंडापासून सुमारे ९० किलोमीटरवर ही खाडी आहे. त्यामुळे मोठ्या लाटा आत येत नाहीत. खाडी नैसर्गिकरीत्या खोल आहे. उत्तर भारत मुंबईपेक्षा जवळ पडतो. आणि जमीन भरपूर, सपाट, रिकामी. शेतीला निरुपयोगी म्हणून जी जमीन कुणाला नको होती, तीच गोदामांना, टाक्यांना आणि रेल्वे यार्डाला सोन्यासारखी ठरली.

१० जानेवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी बंदराची पायाभरणी केली. त्याच वर्षी डीसा ते गांधीधाम रेल्वे सुरू झाली. १९५५ मध्ये कांडल्याला ‘महाबंदर’ हा दर्जा मिळाला. १९६५ मध्ये इथं निर्यातीसाठी मुक्त व्यापार क्षेत्र निघालं, ते आशियातलं पहिलं. २०१७ मध्ये बंदराचं नाव ‘दीनदयाळ बंदर’ झालं, पण ट्रकवाले अजून कांडलाच म्हणतात.

शेजारचं गांधीधाम म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचं गाव. भाई प्रताप दियालदास यांनी पुढाकार घेतला, कच्छच्या महारावांनी सुमारे १५ हजार एकर जमीन दिली आणि रणाच्या कडेला आखीव-रेखीव शहर वसलं. घर गमावलेल्या माणसांनी बंदर गमावलेल्या देशाचं नवं बंदर चालवायला घेतलं, असं म्हटलं तरी चालेल.

पहिला धडा : भरतीचं गणित

बंदरावर पास काढून जावं लागतं, फाटकावर कडक तपासणी असते आणि फोटो काढायला बंदी. खाडीवर पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. मी लाटा शोधत होतो. काका म्हणाले, “आरं, हितं लाटा हुडकू नको. दुपारपस्तोर थांब, पाणी कसं चढतं ते बघ.”

सकाळी काठावर नुसता चिखल होता, लहान होड्या कलंडून पडल्या होत्या. दुपारी त्याच होड्या दोन मजली घराएवढ्या वर आल्या होत्या. कांडल्याला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक सुमारे सहा मीटर असतो. आखाताच्या तोंडाशी ओख्याला तो तीन मीटरच्या आसपासच आहे. मग आत येईपर्यंत दुप्पट कसा होतो?

आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. तोंड रुंद, आत चिंचोळं आणि उथळ. भरती म्हणजे एक फार लांब लाटच. तिच्यातली ऊर्जा कमी रुंदीत आणि कमी खोलीत कोंबली गेली की तिची उंची वाढते. शेतातल्या रुंद पाटाचं पाणी अरुंद दांडात सोडलं की दांड काठोकाठ भरतो, तसंच काहीसं.

आता यावर जहाजं कशी चालतात ते बघा. मोठं भरलेलं जहाज कधीही आत येऊ शकत नाही. वाटेत खाडीच्या तोंडाशी गाळाचे उथळ पट्टे आहेत. समजा (हे आकडे निव्वळ उदाहरणादाखल), अशा पट्ट्यावर ओहोटीला ८ मीटर पाणी आहे. जहाज १२ मीटर बुडतं. तळाखाली १ मीटर मोकळं पाणी सुरक्षिततेसाठी हवं. म्हणजे १३ मीटर लागले. भरतीनं निदान ५ मीटर पाणी चढल्याशिवाय जहाज हलणार नाही. भरती ६ मीटरची असेल आणि चक्र १२ तास २५ मिनिटांचं असेल तर साइन वक्र काढून पाहा : पाणी ५ मीटरच्या वर फक्त सव्वातीन तासांच्या आसपास राहतं. तेवढ्यात जहाजानं तो पट्टा पार केला पाहिजे. चुकलं की बारा तास बाहेर नांगर टाकून बसा. आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेला मोठी आणि अष्टमीच्या सुमारास लहान. म्हणजे बंदराचं टाइमटेबल चंद्र लावतो! आपल्या एच.ओ.डीं.चंही तिथं काही चालणार नाही.

खाडीतली वाट ठाऊक असलेला बंदराचा पायलट समुद्रात जाऊन जहाजावर चढतो, टग बोटी जहाजाला धक्क्याला लावतात आणि गाळ काढणारी ड्रेजर जहाजं वर्षभर वाट खोदत राहतात. कारण जी भरती जहाजाला आत आणते, तीच गाळही आत आणते. एका हातानं देणं, दुसऱ्या हातानं घेणं.

एवढ्या अडचणी असूनही २०१५-१६ मध्ये वर्षाला दहा कोटी टन माल हाताळणारं कांडला हे देशातलं पहिलं महाबंदर ठरलं. यात मोठा वाटा आखाताच्या दक्षिण काठावरच्या वाडीनारचा आहे. तिथं खोल पाण्यात तरंगत्या बोयाला जोडलेल्या नळातून कच्चं तेल उतरवतात.

धक्क्यावर काय नाही? परदेशी लाकडाचे ओंडके, कोळसा, मीठ, धान्य. आणि ओळीनं उभ्या गोल टाक्या, त्यात इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो आणि त्याचा मोठा भाग कांडला-मुंद्रा परिसरात उतरतो. मेसच्या भाजीवर जो तवंग तरंगतो, त्याचा प्रवास बहुधा आपल्यापेक्षा जास्त झालेला असतो!

इफकोचा कारखाना खाडीजवळच आहे, १९७४ च्या अखेरीस तिथं उत्पादन सुरू झालं. फॉस्फोरिक आम्ल, अमोनिया, पोटॅश हा कच्चा माल जहाजानं येतो. म्हणूनच कारखाना बंदरावर. चकलांब्यातल्या कापसाच्या सरीत पडणारा दाणा कुठल्यातरी भरतीची वाट बघून मग आत आलेला असतो.

दुसरा धडा : पायाखालची वाळू

२६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. भचाऊजवळ केंद्र असलेल्या भूकंपानं कच्छ हादरलं. गुजरातमध्ये तेरा हजारांहून जास्त माणसं गेली. कांडला केंद्रापासून फार लांब नव्हतं. तिथं बंदर आणि कस्टम्स कार्यालयाचा मनोरा आहे, उंची २२ मीटर. तो पडला नाही. त्याच्या भिंतींची मोडतोडही फारशी झाली नाही. तो सरळच्या सरळ कलला. माथ्यापाशी सुमारे ३० सेंटिमीटर.

मनोरा ३२ पाइल्सवर उभा होता, प्रत्येक पाइल १८ मीटर लांब. वर सुमारे १० मीटर मऊ चिकणमाती आणि खाली वाळू. पाइल्स माती पार करून वाळूत टेकलेले. नेहमीच्या भाराला हे पुरेसं. पण भूकंपात ती पाण्यानं भरलेली सैल वाळू पातळ झाली. यालाच आपण ‘लिक्विफॅक्शन’ म्हणून परीक्षेत चार ओळी लिहितो.

ज्यांना ते पाठ आहे पण पटलेलं नाही, त्यांनी गोदाकाठी जावं. पाण्यालगतच्या ओल्या वाळूवर उभं राहून जागच्या जागी पाय आपटत राहावं. थोड्या वेळानं वाळू चमकते, पाणी वर येतं आणि पाय आत जातात. वाळूचे कण एकमेकांना टेकून भार पेलत असतात. हादऱ्यानं ते जवळ सरकू पाहतात, पण मधल्या फटीतलं पाणी तितक्या वेगानं बाहेर पडू शकत नाही. मग भार पाण्यावर जातो, कण सुटे होतात आणि वाळू दाट आमटीसारखी वागायला लागते. काही वेळानं पाणी निघून जातं, वाळू पुन्हा घट्ट होते, पण तोवर वरची इमारत खचलेली किंवा कललेली असते.

मग मनोरा कोसळला का नाही? नंतर अभियंत्यांनी अभ्यास केला, त्यात दोन कारणं पुढं आली. वरचा चिकणमातीचा जाड थर पातळ झाला नाही, आणि पाइल्सच्या माथ्यावर राफ्ट होता. खालचा आधार सुटला तेव्हा राफ्टनं त्या मातीवर भार टेकवला. म्हणजे भरवसा ज्याच्यावर होता ते पाइल्स कमी पडले, आणि मऊ म्हणून आपण जी माती पार करून गेलो तिनंच इमारत सावरली. परीक्षेच्या पेपरात असला प्रश्न कुणी विचारत नाही. विचारायला हवा.

पुस्तकात नसलेला धडा : आकड्याबाहेरची माणसं

शेवटच्या दिवशी मिठागरं बघितली. काम दिसायला सोपं. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, एका वाफ्यातून पुढच्यात सोडत न्यायचं. समुद्राचं पाणी बोमे मोजमापावर साधारण ३ ते ३.५ अंश असतं. ते आटत गेलं की आधी जिप्सम खाली बसतं, २५ अंशांच्या सुमारास मीठ धरतं. २९ च्या आसपास पोचलं की उरलेलं कडू पाणी बाहेर काढावं लागतं, नाहीतर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. त्या कडू पाण्यातूनही कच्छात ब्रोमीन काढतात. इंधन शून्य, भट्टी म्हणजे सूर्य. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ एकट्या गुजरातचं. ज्या उन्हानं आपलं रान करपतं, ते उन्ह इथं भांडवल आहे.

पण राबणारी माणसं बघितली आणि मला आपला बीड जिल्हा आठवला. पावसाळा संपला की कुटुंबं मिठावर येतात, पुढचा पाऊस जवळ आला की परततात. तिथंच झोपडी, टँकरचं पाणी, पोरांची शाळा अर्धी. छोट्या रणातल्या अगरियांना तर व्यापाऱ्याकडून हंगामाआधी पैसे उचलून मीठ पिकवावं लागतं. आपल्याकडे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीला गाड्या निघतात, त्यात आणि यात नावाचाच फरक. मी काकांना विचारलं तर म्हणाले, “कोयता न्हाई, फावडं हाय. बाकी समदं तेच.”

९ जून १९९८ रोजी मोठं चक्रीवादळ पोरबंदरजवळ किनाऱ्याला धडकून कच्छवर आलं. वाऱ्यानं रेटलेलं समुद्राचं पाणी सपाट मिठागरांवरून आत घुसलं. पहिल्या धड्यात पाहिलेलं नरसाळं इथंही तेच काम करतं. हजाराहून अधिक माणसं गेली, त्यात कांडल्याच्या मिठागरांतले आणि खाडीकाठच्या झोपड्यांतले मजूर फार होते. बरेचजण परप्रांतातून आलेले. कोण कुठल्या झोपडीत राहत होता याची नोंद नसल्यानं नेमके किती गेले यावर वाद राहिला. वादळ येतंय हे हवामान खात्याला ठाऊक होतं. ते मिठागरातल्या माणसापर्यंत उपयोगी पडेल अशा रीतीनं पोचलं नाही.

तुलना करा २०२३ शी. १५ जूनला ‘बिपरजॉय’ वादळ कच्छात जखौजवळ आलं. त्याआधी कांडल्याचं काम थांबवून जहाजं बाहेर समुद्रात पाठवली होती आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून एक लाखाच्या आसपास माणसं हलवली होती. त्यात मिठागरातले मजूरही होते. विजेचे खांब, घरं, गुरं यांचं नुकसान मोठं झालं, पण १९९८ ची मनुष्यहानी टळली. आधुनिक उपग्रह, चांगला अंदाज हे खरंच. पण मुख्य फरक असा की या वेळी झोपडीतला माणूस आधीच मोजला गेला होता, आणि त्याला न्यायला गाडी आली होती.

शेवटी

कांडल्यावर वाया जाणारं काही नाही : नापीक जमीन, कडक ऊन, चिखलाची खाडी, सगळ्याचा उपयोग झालाय. मागास भागातून आलेल्या आपल्यासारख्या पोरांना हे पाहून बरं वाटतं. ‘आमच्याकडे काहीच नाही’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. काय आहे ते मोजून बघितलं आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

पण मोजताना अर्धवट मोजलं की काय होतं, तेही कांडलाच सांगतं. मनोऱ्याच्या पायाचा हिशोब करताना खालची वाळू हादऱ्यात कशी वागेल हे धरलं गेलं नाही, तो कलला. बंदराच्या सुरक्षेचा हिशोब करताना मिठागरातला मजूर धरला गेला नाही, तो वाहून गेला. पहिली चूक मनोऱ्यावर दिसली, म्हणून तिच्यावर शोधनिबंध निघतात. दुसरीची खूण पाण्यानं पुसून टाकली.

मित्रांनो, उद्या आपल्यातले कुणी धरणावर जातील, कुणी साखर कारखान्यावर, कुणी रस्त्याच्या साइटवर. ड्रॉइंगमध्ये मातीचे थर दाखवायला जागा असते. साइटवर पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबांना दाखवायला नसते. ती जागा आपण आपल्या हातानं काढायची. कुठं किती पालं आहेत, पाणी वाढलं तर ती कुठून बाहेर काढायची, कुणाला फोन करायचा, एवढं लिहायला एक पान पुरतं. त्याला मार्क नाहीत, पण ते पान फाइलला लावल्याशिवाय सही करू नका.